वखार आणि खळे



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना शेती आणि शेतीचा इतिहास या दोन्ही गोष्टींचे मनापासून वेड होते. म्हणून राजे, तह आणि लढाया बाजूला ठेवून आज मी नांगर, गोठा आणि गवताची गंजी यांच्याविषयी बोलणार आहे. हा गोठा आणि ही गंजी हॉलंडमधून निघाली आणि अमेरिकेत हडसन नदीच्या खोऱ्यात उभी राहिली.

डच म्हटले की आपल्यापुढे व्यापारी येतो. जुन्या मराठी कागदांत त्याचे नाव वलंदेज. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात इंग्रज आणि फरासीस यांच्या जोडीने हा टोपीकर सावकार म्हणून येतो आणि त्याला जपून वागवावे, असे तिथे बजावलेले आहे. वेंगुर्ल्याला त्याची वखार होती. पोर्तुगीजांच्या गोव्यावर तिथून नजर ठेवता येई. पण कोकणात वलंदेज कधी पेरणी करायला आला नव्हता. तो माल घेई, माल देई आणि गलबत भरले की निघून जाई.

ही वखार डचांच्या पूर्वेकडच्या कंपनीची, ती कंपनी १६०२ सालची. तिच्याच चाकरीत असताना हेन्री हडसन हा इंग्रज दर्यावर्दी १६०९ मध्ये पूर्वेकडे जाणारी वाट शोधत भलतीकडे, अमेरिकेच्या किनाऱ्याला पोचला आणि आज ज्या नदीला त्याचे नाव आहे तिच्यातून थेट ऑल्बनीच्या आसपास जाऊन आला. १६२१ मध्ये अटलांटिक पलीकडच्या व्यापारासाठी दुसरी, पश्चिमेची कंपनी निघाली. तिची नजर बीव्हरच्या कातड्यावर होती. युरोपात बीव्हरच्या लोकरीच्या टोप्यांना मोठी मागणी होती आणि ती कातडी मोहॉक, मोहिकन असे स्थानिक लोक आणून देत. १६२४ मध्ये कंपनीने सुमारे ३० कुटुंबे पाठवली. त्यांतली बरीचशी फ्रेंच बोलणारी वालून होती. नदीच्या वरच्या अंगाला फोर्ट ऑरेंज उभा राहिला, तेच आजचे ऑल्बनी.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. न्यू नेदरलँड ही वसाहत कंपनीने वखार म्हणून मांडली होती. तिचे गाव झाले आणि कंपनीचे राज्य बुडाल्यावरही ते गाव दीडशे वर्षे आपल्या वळणाने नांदत राहिले, ते खळ्यामुळे. त्या खळ्यावर राबणारे हात मात्र एकट्या डचांचे नव्हते. हे दुसरे वाक्य सोडून पहिले सांगण्याची पद्धत फार जुनी आहे, आणि मला ती मान्य नाही.

१६२५ सालच्या एका जलप्रवासापासून सुरुवात करतो. त्या वर्षी अ‍ॅम्स्टरडॅमहून गुरे घेऊन जहाजे निघाली. त्यांची नावेच घोडा, गाय आणि मेंढी अशी होती. निकोलास व्हान वासेनार या समकालीन लेखकाने या प्रवासाची नोंद फार आवडीने केली आहे. घोडे, घोड्या, बैल, गाई मिळून १०३ जनावरे, शिवाय डुकरे आणि मेंढ्या. पीटर एव्हर्टसेन हुल्फ्ट नावाच्या कंपनीच्या संचालकाने ही जोखीम स्वतःच्या अंगावर घेतली होती. प्रत्येक जनावराला वेगळा कप्पा, पायाखाली तीन फूट वाळूचा थर, आणि देखभालीला स्वतंत्र माणूस. जनावर जिवंत पोचले तर काय बक्षीस मिळणार, हे त्या माणसाला आधीच सांगितलेले. ओट, गवत, पेंढा असा सगळा चारा बरोबर. जहाजात एक जादा मजला बांधून त्याच्याखाली प्रत्येकी ३०० पिंपे गोडे पाणी साठवले होते आणि ते पंपाने वर काढून जनावरांना पाजत. दुधदुभत्याची भांडी, बियाणे, नांगर हेही त्याच सामानात.

ज्यांनी घरची गाय एका गावाहून दुसऱ्या गावाला ट्रकमधून नेली आहे, त्यांना यातले कष्ट निराळे सांगायला नकोत. इथे तर समोर अख्खा अटलांटिक होता. तरीही वाटेत अगदी थोडी जनावरे दगावली. खरा घाला पोचल्यावर पडला. आधी ती एका छोट्या बेटावर उतरवली, तिथे चराई आणि पाणी पुरेना म्हणून लगेच मॅनहटनवर हलवली, आणि तिथल्या रानातले काहीतरी विषारी खाण्यात आल्याने वीसेक जनावरे मेली. गुरे आली होती, गुराखी आले होते, पण कोणत्या माळावर काय उगवते हे माहीत असणारा माणूस त्यांच्यात कोणी नव्हता. पुढची चाळीस वर्षे या वसाहतीची निम्मी अडचण हीच राहिली.

पुढच्याच वर्षीचे एक पत्र प्रसिद्ध आहे. पीटर स्खागेन या अधिकाऱ्याने ५ नोव्हेंबर १६२६ रोजी हॉलंडच्या सरकारला कळवले की जहाज परत आले आहे आणि मॅनहटन बेट ६० गिल्डर किमतीला विकत घेतले आहे. शाळेतल्या पुस्तकांत येते ते एवढेच ६० गिल्डरचे वाक्य. मला त्याच्या शेजारची वाक्ये जास्त मोलाची वाटतात. मेच्या मध्याला पेरणी केली आणि ऑगस्टच्या मध्याला कापणी झाली, असे तो लिहितो. गहू, राय, बार्ली, ओट, बकव्हीट, घेवडा, जवस यांचे नमुने त्याच जहाजातून आले होते. त्याच जहाजात बीव्हरची ७,२४६ कातडी होती. नमुने मूठ-मूठभर, कातडी हजारांनी. कंपनीच्या संचालकांचे लक्ष कशाकडे गेले असेल, ते उघड आहे.

कंपनीने मॅनहटनवर सहा शेते काढली. बांधबंदिस्ती, घर, गुरे कंपनीची आणि कसणारा कुळासारखा. त्या शेतांकडे जाणारी वाट म्हणजे न्यूयॉर्कचा आजचा बावरी रस्ता. पुढे गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंटने यांतले मोठे शेत १६५१ मध्ये स्वतःच विकत घेतले. त्याने लावलेले नासपतीचे एक झाड १८६७ पर्यंत, म्हणजे आजूबाजूला पूर्ण शहर उगवल्यानंतरही, थर्ड अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर फळ देत होते.

आता थोडे मायदेशाकडे पाहू, कारण 'डच शेती' म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे पवनचक्की आणि समुद्र हटवून काढलेली जमीन येते. ते चित्र खरेच आहे. अ‍ॅम्स्टरडॅमच्या व्यापाऱ्यांनी पैसे घातले आणि १६१२ मध्ये बीमस्टर नावाचे सरोवर चाळीसहून जास्त पवनचक्क्यांनी उपसून कोरडे केले. सुमारे ७,००० हेक्टर जमीन मिळाली. पण या शेतीचा पाया बाहेरच्या धान्यावर होता. बाल्टिक समुद्राकाठची राय आणि गहू जहाजांनी अ‍ॅम्स्टरडॅमला येई. भाकरीची चिंता नसल्यामुळे किनारपट्टीचा शेतकरी लोणी, चीज, ताग, जवस आणि भाजीपाला यांच्याकडे वळला. शहरातली घाण होडीतून खत म्हणून शेतात जाई. असा शेतकरी सुखात होता. तो समुद्र ओलांडून अरण्यात कशाला जाईल? वसाहतीला माणसे मिळत नव्हती त्याचे मोठे कारण हेच.

जे गेले त्यांच्यात आतल्या भागातले, उत्रेख्त आणि गेल्डरलांडकडचे बरेच होते. जर्मन आणि नॉर्वेजियनही होते. आतल्या भागातली जमीन वाळूची. तिथे शेणखताशिवाय राय उगवत नाही, खतासाठी गुरे हिवाळाभर बांधून ठेवावी लागतात, आणि बांधलेल्या गुरांसाठी उन्हाळ्यात गवत कापून साठवावे लागते. गोठा, गंजी, उकिरडा आणि शेत यांचे हे चक्र तिथल्या माणसाच्या अंगात मुरलेले होते. अमेरिकेत गेले ते हे चक्र. बीमस्टरची पवनचक्क्यांची रांग मागेच राहिली.

माणसे मिळेनात म्हणून १६२९ मध्ये कंपनीने जहागिरीची योजना काढली. जो भागधारक चार वर्षांत ५० प्रौढ माणसे नेऊन वसवील, त्याला नदीकाठी मैलोगणती जमीन आणि तिथला न्यायाधिकारसुद्धा. या जहागिरदाराला 'पट्रून' म्हणत. बहुतेक पट्रूनांचे प्रयोग फसले, एक टिकला. किलियान व्हान रेन्सेलार हा अ‍ॅम्स्टरडॅमचा हिरे-मोत्यांचा व्यापारी. फोर्ट ऑरेंजभोवतीची त्याची जहागीर रेन्सेलार्सवाइक. तो स्वतः अमेरिकेला कधीही गेला नाही. हॉलंडमध्ये माळरान लागवडीखाली आणण्याचा त्याला अनुभव होता आणि १६४३ मध्ये मरेपर्यंत तो पत्रांवर पत्रे लिहून शेती चालवत राहिला. किती वासरे झाली, घोड्या कोणाकडे दिल्या, धान्य किती उतरले, हिशेब का आला नाही? घर, नांगर आणि गुरे जहागिरदाराची, खंड वेगळा, आणि गुरांची जी वाढ होईल ती निम्मी-निम्मी. आपल्याकडे अर्धेलीने शेत करणाऱ्याला हा करार वाचून काही समजावून सांगावे लागणार नाही.

त्या जहागिरीवर १६३७ मध्ये एक पोरसवदा सालगडी आला, पीटर क्लासेन. जर्मनीच्या ईस्ट फ्रीशिया भागातला, अक्षरशत्रू. ज्या जहाजाने तो आला, त्यावर वादळात एका नॉर्वेजियन कुटुंबात मुलगा जन्मला आणि त्याचे नावच 'वादळ' अशा अर्थाचे, स्टॉर्म, ठेवले गेले. सहा वर्षे पीटरने ठरलेल्या करारावर दुसऱ्याच्या शेतात काढली. मग स्वतःचे शेत खंडाने घेतले, लग्न केले आणि पुढे लाँग आयलंडवर न्यू आमर्सफोर्ट या गावी गेला. तिथे १६५५ मध्ये स्टायव्हेसंटच्या गुरांची देखभाल त्याच्याकडे आली. इंग्रजी अमलात त्याने वायकॉफ हे आडनाव घेतले. त्याचे मातीत पाय रोवून उभे असलेले घर ब्रुकलिनमध्ये अजून आहे. त्याचा सर्वांत जुना भाग १६५२च्या सुमाराचा मानतात, आणि १९६५ मध्ये न्यूयॉर्क शहराने वारसावास्तूंची यादी सुरू केली तेव्हा पहिला मान या शेतकऱ्याच्या घराला मिळाला. वखारींच्या मालकांचे एकही घर त्या शहरात असे उभे राहिलेले नाही.

पीटरने उंच टेकडी सोडून सपाट, समुद्रालगतची जमीन का निवडली? डच शेतकरी सगळीकडे हेच करत होता. न्यू इंग्लंडमधल्या इंग्रजाने जंगल तोडून दगड वेचले. डच माणसाने नदीकाठचे गाळाचे सपाट पट्टे आणि खाडीकाठची खारी कुरणे हेरली. खाऱ्या कुरणातले गवत पेरावे लागत नाही, फक्त कापावे लागते. ज्याला पहिल्याच हिवाळ्यात गुरे जगवायची आहेत, त्याच्या दृष्टीने ते आयते पीकच. ब्रुकलिनमधली फ्लॅटबुश, फ्लॅटलँड्स ही गावे आणि आरेंट व्हान कुर्लर या वसाहतकाराने १६६१ मध्ये मोहॉक नदीच्या पूरपट्ट्यात वसवलेले स्केनेक्टडी, सगळी याच नजरेने निवडलेली आहेत.

पण हे सपाट पट्टे रिकामे नव्हते. हे मला आज ठासून सांगायचे आहे. त्यांतले कित्येक पिढ्यानपिढ्या स्थानिक स्त्रियांनी कसलेली मक्याची शेते होती. आद्रियान व्हान डर डोंक हा कायदा शिकलेला तरुण १६४१ मध्ये रेन्सेलार्सवाइकला अधिकारी म्हणून आला आणि त्याने या प्रदेशाचे वर्णन करणारे पुस्तक १६५५ मध्ये छापले. स्थानिक लोक दरवर्षी रान पेटवून झुडपे जाळतात, त्यामुळे शिकार सोपी होते आणि नवे गवत येते, असे त्यात तो सविस्तर सांगतो. म्हणजे डचांना जे मोकळे, हिरवे रान दिसले, ते कोणीतरी राखलेले रान होते. त्याच्याही आधी इसाक डी रासिएर या कंपनीच्या अधिकाऱ्याने मक्याची लागवड लिहून ठेवली आहे. मातीचे छोटे उंचवटे करायचे, अडीच फुटांवर एक, त्यात पाच-सहा दाणे. मका बोटभर वर आला की त्याच उंचवट्यात घेवड्याचे तीन-चार दाणे, म्हणजे वेल मक्याच्या ताटाला धरून चढतो. यात नांगर नाही, बैल नाही, खत नाही, आणि तरीही पोटभर धान्य.

गव्हाचे बी रुजेपर्यंत आणि जमीन नांगरण्याजोगी होईपर्यंत वसाहतीने या मक्यावर दिवस काढले. मक्याच्या पिठाची पातळ पेज, तिला ते सपान म्हणत. मूळ पदार्थ स्थानिकांचा, त्यात डचांनी आपल्या गाईचे दूध ओतले आणि तो पुढे दोनशे वर्षे हडसन खोऱ्यातल्या घराघरांत संध्याकाळी शिजत राहिला. मला विचाराल तर या वसाहतीच्या शेतीचे सार त्या वाडग्यात आहे.

असे असूनही दोन शेती शेजारी नांदू शकल्या नाहीत, आणि मोडतोड सुरू झाली ती मुख्यतः गुरांवरून. स्थानिकांच्या शेताला कुंपण नसे, कारण त्यांच्याकडे मोकाट जनावरच नव्हते. डचांची डुकरे आणि गाई मक्यात शिरू लागल्या. गुरांमागे गुराखी ठेवा, असे हुकूम निघाले, पण ते पाळले कोणी? १६४० मध्ये स्टेटन आयलंडवरची डुकरे चोरल्याचा आळ रारिटन लोकांवर ठेवून गव्हर्नर विलेम कीफ्टने सैनिक पाठवले. ती डुकरे कंपनीच्याच माणसांनी पळवली होती, असे डेव्हिड डी व्रीस हा त्या काळचा वसाहतकार लिहून गेला आहे. तीन वर्षांनी, फेब्रुवारी १६४३ च्या एका रात्री, कीफ्टच्या हुकमाने नदीपलीकडच्या पाव्होनियाला आसऱ्यास आलेल्या स्थानिक बायकामुलांची कत्तल झाली. डी व्रीसने ८० जणांचा आकडा दिला आहे. त्यानंतरच्या दोन वर्षांत मॅनहटन बेटाभोवतालची बहुतेक शेते जळून गेली. १६५५ मध्ये पुन्हा युद्ध झाले, ते एका डच बागेतले पीच तोडणाऱ्या स्थानिक स्त्रीच्या खुनावरून भडकले, असे सांगतात. १६६३ मध्ये हडसनकाठच्या इसोपसच्या युद्धात डच कप्तान मार्टिन क्रेगियरच्या तुकडीने उभा मका कापून टाकला आणि जमिनीतली धान्याची पेवे शोधून नष्ट केली. ज्यांच्याकडून मक्याचे ज्ञान घेतले, त्यांचीच पेवे जाळली. मी हे वाचले तेव्हा कित्येक दिवस पुढचे पान उलटवले नाही.

राबणारे आणखी हात होते ते आफ्रिकेचे. १६२६ च्या सुमारास कंपनीने गुलाम म्हणून आणलेले पहिले अकरा पुरुष मॅनहटनवर उतरले. त्यांनी किल्ला बांधला, जंगल तोडले, कंपनीच्या शेतात पिके काढली. फेब्रुवारी १६४४ मध्ये, स्थानिकांशी युद्ध ऐन भरात असताना, त्यांना अर्धे स्वातंत्र्य दिले गेले. पाउलो आंगोला, सिमोन काँगो, आंतोनियो पोर्तुगीज ही त्यांतली काही नावे. गावाच्या उत्तरेला त्यांना जमिनी मिळाल्या. बदल्यात प्रत्येकाने दरवर्षी ३० मापे मका, गहू किंवा कडधान्य आणि २० गिल्डर किमतीचे एक माजलेले डुक्कर द्यायचे. चुकले तर पुन्हा गुलामी. मुले, झालेली आणि व्हायची, कंपनीचीच. शिवाय त्या जमिनी बरोबर अशा जागी होत्या की उत्तरेकडून हल्ला आला तर पहिला वार यांच्यावर पडावा. तरी या माणसांनी तिथे शेती उभी केली. मॅनहटनवर स्वतःच्या नावाची जमीन कसणाऱ्या पहिल्या आफ्रिकी शेतकऱ्यांत हे होते.

ही गोष्ट डच राज्याबरोबर संपली नाही, वाढली. १७९० च्या जनगणनेत ब्रुकलिन ज्या किंग्ज काउंटीत आहे, तिथे तीन माणसांमागे जवळजवळ एक गुलाम होता, आणि तो बहुतेक डच घराण्यांच्या गव्हाच्या शेतात राबत होता. सोजर्नर ट्रूथ हे गुलामीविरुद्ध बोलणारे मोठे नाव. ती १७९७ च्या सुमारास हडसन खोऱ्यातल्या अल्स्टर काउंटीत एका डच घराण्याच्या मालकीत जन्मली. लहानपणी तिला डच सोडून दुसरी भाषाच येत नव्हती. डच गोठ्याची परंपरा सांगताना ती गाय कोण पिळत होते, हे सांगणे टाळले तर सांगितलेले सगळे खोटे ठरते.

आता त्या गोठ्यात शिरू. अभ्यासक त्याला न्यू वर्ल्ड डच बार्न म्हणतात आणि हडसन, मोहॉक, स्कोहारी खोऱ्यांत काही अजून उभे आहेत. लांबून पाहिले तर छप्पर प्रचंड आणि भिंती बुटक्या. दार आपल्या अपेक्षेप्रमाणे लांबीच्या बाजूला नसते, ते आखूड, त्रिकोणी बाजूला असते, भरलेली गाडी सरळ आत जाईल एवढे मोठे, आणि समोरच्या टोकाला तसेच दुसरे. आत शिरल्यावर देवळाच्या सभामंडपासारखी खांबांची दुहेरी रांग. दोन समोरासमोरच्या खांबांना जोडणारी भली जाड आडवी तुळई, तिची जीभ खांबातून आरपार बाहेर आलेली आणि लाकडी पाचरांनी घट्ट ठोकलेली. पूर्ण सांगाड्याचा भार या चौकटी घेतात, भिंती नुसत्या आडोशाला.

मधला रुंद भाग म्हणजे खळे. खाली जाड फळ्या. दोन्ही अंगांना बुटक्या पडव्या, एकीत गाई, दुसरीत घोडे, तोंडे आत खळ्याकडे केलेली, म्हणजे चारा खळ्यातूनच समोर टाकता येतो. वर तुळयांवर बांबूसारख्या लांब काठ्या टाकून पेंढ्यांची रास छपरापर्यंत. थंडीच्या दिवसांत पेंढ्या खाली ओढायच्या, खळ्यावर काठीने झोडपायच्या, मग दोन्ही टोकांची दारे उघडायची. नदीवरचा वारा आरपार जातो आणि उफणणी होते. धान्य एकीकडे, भुसा दुसरीकडे, पेंढा तिथल्या तिथे गाईपुढे. पीक, जनावर आणि माणसाचे हिवाळ्यातले काम एका छपराखाली. हडसन नदी गोठून महिनोन्महिने वाहतूक बंद असे, त्या काळात हे छप्पर म्हणजे शेतकऱ्याचे सारे जग.

मायदेशी, वाळूच्या प्रदेशात, माणसेही याच छपराखाली एका टोकाला राहत. अमेरिकेतल्या पहिल्या घरांतही तसे होते. पण लाकूड मुबलक होते, जागा मोकळी होती, गुरे वाढली. हळूहळू घर वेगळे झाले आणि गोठा गोठ्याच्या जागी मोठा होत गेला. परंपरा जशीच्या तशी टिकली असे म्हणणाऱ्यांनी हा बदल पाहावा, आणि परंपरा विसरली गेली असे म्हणणाऱ्यांनी ती जिभल्यांची तुळई पाहावी.

गवतासाठी आणखी एक साधन होते. चार किंवा पाच उंच खांब आणि त्यांवर वर-खाली सरकणारे छप्पर. खांबांना भोके, त्यांत खुंट्या. गवत रचत गेले की छप्पर वर, खाऊ घालत गेले की खाली. गंजी कोणत्याही उंचीची असो, पाऊस आणि बर्फ तिच्यात मुरत नाही. हे इतके सोपे आणि सोयीचे होते की शेजारच्या इंग्रज शेतकऱ्यांनीही ते उचलले. कापणीसाठी लांब दांड्याच्या विळ्याऐवजी एका हातात आखूड दांड्याचे पाते आणि दुसऱ्या हातात आकडा, ही जोडीही याच लोकांनी आणली. आकड्याने उभे पीक ओढून धरायचे आणि पात्याने बुडाशी छाटायचे. न्यू इंग्लंडमध्ये नांगराला बैल, तर इथे बहुधा घोडे आणि चार चाकांची गाडी.

१६६४ मध्ये इंग्रजांची गलबते आली आणि स्टायव्हेसंटने फारसा प्रतिकार न करता गाव सोपवले. तेव्हा वसाहतीत साधारण नऊ हजार माणसे होती. शरणागतीच्या कलमांत एक कलम असे की डच लोक आपल्या वारशाच्या रूढी चालू ठेवतील. हे कलम मला फार महत्त्वाचे वाटते. इंग्रजी कायद्यात मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्या मुलाची आणि लग्न झालेल्या बाईची मालमत्ता नवऱ्याच्या हाती. डच रीत वेगळी. नवरा-बायको एकत्र मृत्युपत्र करीत, मागे राहील त्याच्या हाती शेत राही, आणि नंतर मुलगे-मुली दोघांना वाटा. ज्या बाईने लोणी घुसळून, कोंबड्या विकून ते शेत उभे केले, तिचा त्यावर हक्क धरलेला होता. इंग्रजी कायदा पुढे दोन-तीन पिढ्यांत ही रीत पोखरत गेला आणि मुलींचा वाटा पैशात देऊन जमीन मुलग्यांकडे ठेवण्याचा पायंडा पडला. माझ्या मते डचांच्या शेतीत जे सर्वांत जतन करण्याजोगे होते, ते इथे हरवले.

शेती मात्र फोफावली. बीव्हर संपत आले आणि गहू वाढला. हडसन खोऱ्याचे पीठ आणि बिस्किटे वेस्ट इंडीज बेटांकडे जाऊ लागली, तिथे उसाच्या मळ्यांतल्या गुलामांच्या आणि मालकांच्या पोटाला. १६८० च्या सुमारास पीठ चाळून बाहेर पाठवण्याचा मक्ता एकट्या न्यूयॉर्क शहराला मिळाला, तो १६९४ पर्यंत टिकला. शहर त्यावरच गब्बर झाले. १६८६ च्या शहराच्या शिक्क्यावर पवनचक्कीची पाती आहेत, दोन बीव्हर आहेत आणि पिठाची दोन पिंपे आहेत. आजही शहराच्या निशाणावर ती आहेत.

आणि पट्रूनची जहागीर? कंपनी गेली, डच राज्य गेले, इंग्रजांनी १६८५ मध्ये तीच जहागीर नव्या सनदेने मान्य केली, मग अमेरिकेचे स्वातंत्र्य आले, तरी रेन्सेलार घराण्याचा खंड चालूच. शंभर एकरांमागे १० ते १४ बुशेल गहू, चार माजलेल्या कोंबड्या आणि घोडागाडीसह एक दिवसाची वेठ. शेत दुसऱ्याला विकायचे तर किमतीतला मोठा हिस्सा जहागिरदाराला. १८३९ मध्ये स्टीफन व्हान रेन्सेलार तिसरा वारला आणि थकलेला सगळा खंड वसूल करून कर्ज फेडा, असे त्याचे मृत्युपत्र निघाले. त्या वर्षीच्या ४ जुलैला हेल्डरबर्गच्या डोंगरातली कुळे जमली आणि त्यांनी खंड नाकारला. पुढची काही वर्षे जप्तीला येणाऱ्या अंमलदाराची चाहूल लागली की शेतावर जेवणाला हाक मारण्याचा पत्र्याचा कर्णा वाजे आणि छिटाचे झगे, रंगवलेले मुखवटे घालून शेकडो शेतकरी रस्ता अडवत. यात रक्तही सांडले, १८४५ मध्ये डेलावेअर काउंटीत एक अधिकारी मारला गेला आणि कित्येक कुळे तुरुंगात गेली. या कुळांत डच वंशाचे होते, तसे न्यू इंग्लंडहून आलेले इंग्रज आणि इतरही पुष्कळ होते. १८४६ मध्ये न्यूयॉर्क राज्याने नवी राज्यघटना केली. तिने सरंजामी धारा रद्द केला आणि शेतजमिनीचा कोणताही पट्टा १२ वर्षांहून जास्त मुदतीचा असू नये, असे ठरवले. त्यानंतर रेन्सेलार घराण्याने आपले हक्क तुकड्या-तुकड्यांनी विकायला काढले आणि कुळांनी पैसे जमवून, कोणी कर्ज काढून, आपण कसत असलेली जमीन आपल्या नावावर करून घेतली.